खुशीनं केलेली सही

मल्लेश्वरम,
शनिवार, १९ जुलै २०२५

अहल्या,

कॉफीचा फिल्टर अडकला आहे. वरचं भांडं खालच्या भांड्यात असं काही रुतून बसलंय की दोघांना वेगळं करायला आता कोर्टातच जावं लागेल. मी या घटनेकडे अत्यंत गांभीर्यानं पाहतो. उकळतं पाणी ओतून झालं, बर्फ लावून झाला, दाराच्या फटीत धरून पिळून झालं. शेवटी मोबाईलवर एका तमिळ गृहस्थांचं याच विषयावरचं अकरा मिनिटांचं व्याख्यान ऐकलं. भाषा कळली नाही, पण धीर आला. एकवीस वर्षं तू हा फिल्टर रोज पहाटे उघडलास आणि त्यात काही कसब आहे हे मला एकदाही कळू दिलं नाहीस. मंगळवारपासून मी बाटलीतली भुकटी पाण्यात ढवळून पितोय. मल्लेश्वरमसारख्या ठिकाणी हे पाप खिडकी लावून करावं लागतं. तिकडे तुझ्या भावाकडे, बिंदूअण्णांच्या घरी सकाळी दाट डिकॉक्शन उतरत असेल तेव्हा याची आठवण व्हावी, इतकीच विनंती.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. इथून बनशंकरी नऊ स्टेशनं. मेट्रो बदलावीही लागत नाही, आणि एवढ्या अंतरासाठी मी तिकीट चिकटवतोय. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला आणि एरवी त्या जे करत नाहीत ते केलं: डिंकाची बाटली स्वतःहून पुढे सरकवली.

भीमाचार्य बरे आहेत. म्हणजे खुब्याचं हाड जुळतंय, आणि जीभ तर कधी मोडलीच नव्हती. तू गेल्यापासून त्यांचा डबा मीच करतो. तू जाताना म्हणालीस ना, "आता तुमच्या महात्मापणाला तुम्हीच रांधून घाला." घालतोय. रोज साडेअकराला एक जिना उतरतो, दाराची कडी वाजवतो आणि आतून "उशीर झाला" असं ऐकून घेतो. परवा सव्वाअकराला गेलो, तेव्हाही उशीरच झाला होता.

तू डब्यावरून गेली नाहीस, हे मला कळतं. बारा दिवस तू त्या माणसाला रांधून घातलंस. ज्यानं चार वर्षांत तुझ्या गाण्याच्या क्लासविरुद्ध सहा तक्रारी केल्या, त्याला, आणि तेही एक शब्द न बोलता. मंगळवारी त्यांनी रिकाम्या डब्याबरोबर तुझ्या हातात एक झेरॉक्स ठेवली. फेब्रुवारीपासून तू समजत होतीस की पोलिसांनी क्लास बंद पाडला. त्या कागदावर मात्र माझी सही. वर लिहिलेलं, "माझ्या पत्नीच्या गायनवर्गामुळे शेजाऱ्यांना उपद्रव होतो हे मला मान्य आहे. सदर वर्ग कायमचा बंद करण्याची मी हमी देतो."

कन्नडमध्ये हे जरा बरं वाटतं. मराठीत आणल्यावर लाज वाटते.

ऐक. त्या दिवशी मी दमलो होतो. तीन तास बाकावर बसवलं होतं. सब-इन्स्पेक्टर सारखा म्हणत होता, जरा जुळवून घ्या, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सार." सही केली नसती तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला बोलावलं असतं. एकोणीस वर्षं मुलांना सा लावायला शिकवणारी तू, त्या बाकावर. मला ते नको होतं. कारण एवढंच होतं. दुसरं काहीही नव्हतं.

फिल्टरबद्दल दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

नंदू

*

रविवार, २७ जुलै

अहल्या,

फिल्टरबद्दल उत्तर नाही. ठीक आहे. मी नवा आणला. जुना शेल्फावर तसाच ठेवलाय, संग्रहालयातल्यासारखा.

तुझी आई सांगायची, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चमचाभर साखर घालावी. भीमाचार्यांना ही रीत ठाऊक असावी. ते डब्यात चिठ्ठी घालतात. बारीक, सरळ, शाईच्या पेनानं लिहिलेली. तारीख असते, खाली आद्याक्षरं असतात. मी त्या साठवतोय. निवडक भाषांतर:

"भात चिकट."

"आमटीत काल हिंग नव्हता. आज हिंगच आहे, आमटी नाही."

"चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात आम्ही भाजी खात नाही. दुधी ही भाजी आहे."

"पोळी ही वस्तू गोल असण्याचे कारण आहे. विचार करावा."

या शेवटच्या चिठ्ठीवर मी खरंच विचार केला. कारण सापडलं नाही.

तू विचारशील, अजून का नेऊन देता. (तू विचारत नाहीस. पण एकवीस वर्षांत तुझ्या गप्प बसण्याचे आठ-दहा प्रकार मला ओळखता येतात.) तर माझं तत्त्वज्ञान असं, की जो माणूस सगळ्या जगावर भुंकतो त्याच्या शेपटीवर कुणीतरी कधीतरी पाय दिलेला असतो. म्हणून एक दिवस धीर करून विचारलं. त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो, आवाज मऊ केला. म्हटलं, "आचार्य, गाण्याचा तुम्हाला एवढा त्रास का होतो? काही जुनी आठवण आहे का?" मी तयारीत होतो. गाणारी बायको अकाली गेली असेल, गाण्यापायी मुलगा घर सोडून गेला असेल, काहीही असतं तरी मी डोळे पुसायला सिद्ध होतो.

ते म्हणाले, "आठवण कसली? मला आवाज आवडत नाही."

"कुठलाच?"

"पेटीचा अजिबात नाही. मुलांचा त्याहून नाही. सात स्वर कशाला लागतात? पाचात भागलं असतं."

संपलं. त्यापलीकडे काही नाही. बायको शांतपणे म्हातारी होऊन वारली, मूलबाळ नव्हतंच, एक पुतण्या आहे तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि तीन मिनिटांत ठेवतो. निवृत्तीपर्यंत सरकारी ऑडिटमध्ये होते, कुणी वाईट वागवलं नाही. दुष्टपणाला कारण असलं की आपल्याला दया करायला सोपं जातं. या गृहस्थांनी ती सोयही ठेवलेली नाही.

इमारतीत माझा भाव मात्र फार वाढलाय. फेब्रुवारीपासून त्यांच्याशी कुणी बोलत नाही हे तू पाहिलंच आहेस. तुझ्या क्लासमधल्या हर्षिताची आजी त्यांच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावते. सकवारबाईला सगळ्यांनी मिळून सांगितलं, त्या खालच्या म्हाताऱ्याचं काम सोड नाहीतर आमची सोडावी लागतील, आणि तिनं ते सोडलं. तिथं मी डबा घेऊन उतरतो म्हटल्यावर सेक्रेटरी गुरुराज लिफ्टपाशी छातीवर हात ठेवून म्हणाला, "नीवु दोड्ड मनुष्यरु, सार." मोठा माणूस म्हणे. मी नम्रपणे मान हलवली. आरशात पाहून सराव करावा इतकी छान हलवली.

आणि एक सांगायचं आहे. पुण्याच्या पेपरच्या पुरवणीतल्या माझ्या विनोदी सदरात मी यावर लिहिलं. "शत्रूचा डबा" असं नाव दिलंय. नावं बदलली आहेत. एक्केचाळीस वाचकांचे निरोप आले. कोथरूडच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांनी लेख वाचून नणंदेला फोन केला. कात्रण सोबत पाठवतो. वाचावंसं वाटलं तर वाच.

नंदू

*

बुधवार, ६ ऑगस्ट

अहल्या,

काल माझ्या हातून एक चूक झाली. तू घरात असतीस तर झाली नसती, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

काल एकादशी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि वाटलं, आज म्हातारबुवांना खूश करू. आमच्या साताऱ्याकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. रात्री साबुदाणा भिजवला, सकाळी दाण्याचं कूट केलं, साजूक तूप, जिरं, मिरची. खिचडी मोकळी झाली होती अहल्या, दाणा दाण्याला चिकटला नव्हता. वर खोबरं पेरलं. दह्याची वाटी वेगळी दिली. साडेअकराच्या आधी दहा मिनिटं दारात.

तुला वाचतानाच कळलं असेल. तुमच्याकडे, त्यांच्याकडे, एकादशीला पाणीसुद्धा नसतं. एकवीस वर्षं तुझा तो कोरडा उपास मी शेजारी बसून खिचडी खात पाहिला, आणि ते तुझं खासगी वेड आहे अशी माझी समजूत होती. म्हाताऱ्यानं आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ पांढरे पडलेले. वॉकर धरून दारापर्यंत आले, डबा उघडला आणि तुपाजिऱ्याचा वास त्या खोलीत पसरला.

"हे काय आहे?"

"खिचडी. उपासाची."

"उपासाची." त्यांनी झाकण हळूच परत लावलं. "उपासाला खातात?"

"आमच्याकडे खातात."

"तुमच्याकडे उपासाला खातात, आणि बायकोला पोलिसांत लिहून देतात."

मला आधी चूक कळलीच नाही. मी म्हणालो, थोडं खाऊन तर पाहा. तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे परत लोटला. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. उपाशी माणसाच्या नाकाखाली अन्न धरून उभा राहिलो, बायको गेल्याचा सूड म्हणून. "सत्तर वर्षांत एक एकादशी मोडली नाही," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या दिवशीही नाही. आणि तू, वरच्या मजल्यावरचा विदूषक, मला फसवून मोडायला लावणार?"

विदूषक म्हटलं म्हणून चिडलो असं नाही. तो तर माझा धंदाच आहे. पण तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या आत साठल्या होत्या. मी म्हणालो, "तुमच्यामुळे गेली ती. चार वर्षं छळलंत. वर तुम्हाला रांधून घातलं, तरी तुम्ही तो कागद तिच्या हातात दिलात. राहा उपाशी. मरा."

मरा म्हणालो, अहल्या. खुबा मोडलेल्या, एकट्या, तहानलेल्या माणसाला. मराठीत म्हणालो, पण कळलं त्यांना.

यावर ते चिडले नाहीत. वॉकरवरचा भार या हातावरून त्या हातावर घेतला आणि हिशेब तपासणाऱ्या आवाजात बोलू लागले. त्यांची कन्नड मी मराठीत देतोय, मूळची जास्त टोकदार आहे.

"मी तक्रार केली. सहा केल्या, सगळ्यांच्या पोचपावत्या आहेत. सही कुणी केली? छत्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या पाहिल्या. दमून केलेली सही वेगळी असते. भिऊन केलेली वेगळी, ती शेवटाला खाली उतरते. तुझी सही खुशीनं केलेली होती. तू खाली रेघ ओढलीस. रेघेखाली दोन टिंबं दिलीस."

आणि दार लावून घेतलं.

म्हातारा काहीही बोलतो. टिंबं मी नेहमीच देतो. बँकेत देतो, कुरियरवाल्याच्या मशीनवर बोटानंसुद्धा देतो. त्याला काही अर्थ नसतो.

खिचडी मी वर येऊन एकट्यानं संपवली. चांगली झाली होती.

नंदू

*

रविवार, १७ ऑगस्ट

अहल्या,

तुझं पत्र शुक्रवारच्या सुट्टीमुळे काल मिळालं. पाकीट हातात घेतलं तेव्हा आत एकच कागद आहे हे कळलं होतं. उघडायला दुपार केली.

तू लिहितेस: "अहो, तुमचं सदर अण्णानं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. छान लिहिलंय. सगळे हसले, मी पण हसले. पोळी गोल असण्याचं कारण, तिथं तर वहिनीला ठसका लागला. मग स्वल्प वेळानं लक्षात आलं, त्यात मी कुठं नाही. शत्रू आहे, डबा आहे, तुम्ही आहात. बारा दिवस तो डबा कुणी केला? क्लास कुणाचा बंद झाला? पुढच्या शनिवारी अण्णाचा प्रणीत टेम्पो घेऊन येईल, पेटी त्याच्याबरोबर पाठवा. अण्णाच्या गच्चीवरच्या खोलीत क्लास सुरू करते आहे. आणि भीमाचार्यांना द्वादशीला लवकर जेवण लागतं, सूर्योदयानंतर लगेच. तेवढं बघा."

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

सदरात तू नव्हतीस, हे खरं. मी लेखाचे जुने मसुदे काढून पाहिले. पहिल्या मसुद्यात तू होतीस, अडीच ओळी. शब्दमर्यादेत बसेना म्हणून कापल्या. शब्दमर्यादा नऊशेची होती, लेख आठशे चाळीसला संपला.

सकाळी डबा देऊन आलो. (द्वादशीला मी नऊ वाजता गेलो होतो. ते सूर्योदयापासून वाट पाहत होते. ओठ तसेच. चिठ्ठी आली: "वेळ टळली.") आता पाच वाजलेत. तुझ्या क्लासची वेळ. खिडकीतून कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचा आवाज येतोय, बाकी काही नाही. या शांततेत बसून तुला हे लिहायचं आहे, म्हणून थांबलो होतो.

पाच ते सात ही माझीही लिहायची वेळ होती. एकोणीस वर्षं. अकरा मुलं हॉलमध्ये, एकाच वेळी अकरा वेगवेगळ्या उंचीवर सा लावणारी. मी आतल्या खोलीत कानात कापूस घालून बसायचो. तुला सांगायचो, तुझ्या गाण्यानं मला लिहायला स्फूर्ती येते. एकदा मुलाखतीतही सांगितलं होतं. तू ते कात्रण पेटीच्या खणात ठेवलंस.

मी भीमाचार्यांच्या तक्रारी पाहायचो, तेव्हा वर संताप दाखवायचो आणि आत मोजत असायचो, ही तिसरी, ही चौथी. स्टेशनात तीन तास बसवलं हे खोटं. चाळीस मिनिटं बसवलं. तुला बोलावू असं कुणी म्हणालं नव्हतं. सब-इन्स्पेक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "सार, वेळ ठरवून घ्या, पाच ते सहा करा, खाली सतरंजी घाला, दोघांचंही भागेल." त्या कागदावर वेळ लिहायला त्यानं जागा सोडली होती. मी म्हणालो, नको, कायमचा बंद असं लिहा, कटकट नको. भीमाचार्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनीही एवढं मागितलं नव्हतं.

घरी येऊन तुला म्हणालो, फार वाईट झालं. तू पेटीवर खोळ चढवत होतीस. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी बसलो आणि एका बैठकीत अकराशे शब्द लिहिले.

तर म्हाताऱ्याचं बरोबर आहे. टिंबांना अर्थ होता.

मी इतके दिवस समजत होतो की एका खवचट माणसाला मी करुणेनं वागवतोय. त्यानं माझं काम केलं होतं, अहल्या. मला जे बोलायची हिंमत नव्हती ते त्यानं सहा अर्जांत लिहून दिलं, आणि त्याबद्दल सगळी इमारत त्याच्यावर थुंकते. मी त्याला भात नेऊन देतो. आणि तुला, जी एकदाही माझ्यावर आवाज चढवून बोलली नाही, तुला मी एकवीस वर्षांत कितीदा चार लोकांत चिमटे काढले याची मोजदाद नाही. लोक हसायचे. तूही हसायचीस, परवा वहिनीबरोबर हसलीस तशीच असावी.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तो. आणि मग मी त्यावरही लिहीन.

पेटी तयार ठेवतो. खणातलं ते कात्रण काढून घेतलंय.

नंदकुमार

*

रविवार, ३१ ऑगस्ट

अहल्या,

पेटी पोचल्याचं प्रणीत म्हणाला. जिन्यातून उतरवताना एका बाजूला तो होता, एका बाजूला टेम्पोवाला देवाप्पा, आणि मी पुढे चालत "सांभाळून" म्हणत होतो. तळमजल्यावर आल्यावर भात्याच्या फटीतून आपोआप एक सूर निघाला, लांबट. भीमाचार्यांचं दार उघडं होतं. ते खाटेवर बसले होते. मी वाट पाहिली. त्यांनी दारही लावून घेतलं नाही.

प्रणीतला विचारलं, क्लास कसा चाललाय. तो मान खाली घालून म्हणाला, "तीन मुलं येतात, मामा. तिथलीच, शेजारची." इथली अकरा कुणी आली नाहीत. नऊ स्टेशनं मुलांना लांब पडतात. हर्षिताला आता तिच्या आईनं कोडिंगला घातलंय. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अंकल, मिस बऱ्या झाल्या का?" मी फेब्रुवारीत सगळ्या पालकांना सांगितलं होतं की तुझी तब्येत बरी नाही, वर या म्हाताऱ्याचा जाच, म्हणून क्लास बंद. तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं.

काल खाली पार्किंगमध्ये इमारतीचा गणपतीचा कार्यक्रम झाला. दरवर्षी तुझी मुलं गायची. या वर्षी एका मुलानं पेनड्राइव्ह लावला. मग गुरुराज माइकवर आला. म्हणाला, "या वर्षी आपल्याकडे गाणं नाही. कोणामुळे नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी नाव घेणार नाही." सगळ्यांनी तळमजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. "पण त्याच माणसाला रोज आपल्या हातानं ऊटा नेऊन देणारे एक थोर गृहस्थ आपल्यात आहेत." आणि मला पुढे बोलावलं. शाल घातली. डोक्यावर म्हैसूरची पेटा, म्हणजे पगडी, ठेवली, ती मला मोठी होती, कानांवर टेकली. हर्षिताच्या आजीनं पदरानं डोळे टिपले. टाळ्या झाल्या.

मी काय केलं विचारतेस? नमस्कार केला. "यात माझं काहीच नाही," असं म्हणालो. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, आणि त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

स्पीकर त्यांच्या खिडकीपासून सहा फुटांवर होता. तीन तास चालला. त्यांनी तक्रार केली नाही.

प्रसाद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, शाल काढून ठेवून. ते अंधारात बसले होते. पुतण्यानं यशवंतपूरच्या पलीकडे एका वृद्धाश्रमात जागा पाहिली आहे. उद्या नऊ वाजता गाडी येईल. एक पेटी भरून तयार होती, कपड्यांची, आणि वर फायलींचा गठ्ठा. मी म्हणालो, "आचार्य, मला बोलायचं आहे."

"बोल. पण बसू नकोस, स्टूल बांधलंय."

उभ्यानंच सांगितलं. तुम्ही अर्धीच गोष्ट केली होती, उरलेली मी केली. लोकांनी सगळी तुमच्या नावावर लावली आणि मी लावू दिली.

त्यांनी फायलींच्या गठ्ठ्याची दोरी आवळली. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्यात नवीन काय?"

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं? सहा महिन्यांत या इमारतीतला एक माणूस माझ्याशी बोलला, तो तू. तुला तर ठाऊकच होतं." आणि पुढे: "तुझ्या बायकोला तो कागद दिला. तिनं निदान वाचला. तिच्या हातचं जेवण चांगलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. चिठ्ठीत चुका लिहायच्या असतात, बरोबर असेल ते लिहायची पद्धत नाही."

मला वाटलं, आता काहीतरी हलेल. मी अजून तसाच वेडा आहे. त्यांनी प्रसादाचा द्रोण पुढे ओढला, हुंगला आणि म्हणाले, "नारळ खवट आहे. जा आता."

गुरुराज मघाशी म्हणत होता, "सार, पीडा टळली. आता मॅडमना परत बोलवा, क्लास सुरू करू, असोसिएशनतर्फे सतरंजी देऊ." त्याला वाटतं, खालचा माणूस गेला की वरची बाई परत येते. मी त्याला समजावलं नाही. तुलाही ये म्हणत नाही. तू गेलीस ती खालच्या माणसामुळे नाही, हे आता आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि इथं वरती अजून मीच राहतो. जे मोडलं ते कुठल्या कागदानं भरून निघणारं नाही. तुझी अकरा मुलं विखुरली, त्यातली दोन-चार खरंच गायली असती.

एक छोटी गोष्ट मात्र माझ्या हातात होती. गुरुराजकडे गेलो आणि सूचनाफलकावर एक कागद लावायची परवानगी मागितली. त्यानं वाचला. परत वाचला. "सार, हे कशाला? कालच शाल दिली."

"शाल हवी तर परत घ्या."

"तसं नाही. सगळे बोलतील. उद्या तर ते निघालेच आहेत. आता कोणाला उपयोग?"

मी म्हणालो, उपयोग नाही. त्यानं शिक्का मारला, पण माझ्याकडे न बघता.

मजकूर कन्नडमध्ये आहे, खाली इंग्रजीत. कन्नड मी स्वतः लिहिली, भाषेत चुका असतील. मराठीत तुझ्यासाठी:

"गायनवर्ग भीमाचार्यांनी बंद पाडला, असा सर्वांचा समज आहे. त्यांनी तक्रार केली होती. पोलिसांनी वेळ कमी करण्याचा पर्याय दिला होता. वर्ग कायमचा बंद करा असे मी सांगितले आणि माझ्या इच्छेने सही केली, कारण मला शांतता हवी होती. हे मी पत्नीला विचारले नाही. तिची तब्येत उत्तम आहे. तिचा वर्ग बनशंकरीला भरतो, पत्ता खाली देत आहे. गेले सहा महिने भीमाचार्यांना जे बोलले गेले त्यातले निम्मे माझ्या वाट्याचे होते. नंदकुमार, पहिला मजला."

उद्या नऊला गाडी. व्हीलचेअर फलकासमोरूनच जाईल. ते वाचतील की नाही, सांगता येत नाही. पुतण्याला नेहमीच घाई असते. वाचलंच तर चुका काढतील.

रात्री पत्र इथं थांबवलं होतं. आता सोमवारचे सकाळचे साडेसहा झालेत, खाली कुणी नाही. सकवारबाई अंगण झाडून गेली आहे. कागद, चार टाचण्या घेतल्या. सहीखाली रेघ ओढलेली नाही. लावून येतो.

नंदकुमार